शेजाराला जागा लागते

14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. गणपती दोन आठवड्यांवर आले होते. 160 चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या माणसांना चाळीस मजली इमारतीत 500 चौरस फुटांचं घर मिळालं, तेही मालकीचं आणि एक पैसा न भरता. संडास घरात आला, न्हाणीघराला दार आलं, मुलीला अभ्यासाला वेगळी खोली आली. या आनंदात कुणी मिठाचा खडा टाकू नये. पहाटे डबा घेऊन मजल्याच्या टोकाशी रांगेत उभं राहणं ज्यांच्या वाट्याला कधी आलं नाही, त्यांनी तर चाळीच्या आठवणींनी गहिवरूच नये.

तरीही अशा प्रत्येक स्थलांतरानंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘घर मोठं झालं, पण शेजार गेला.’ गिरगावातून बोरिवलीला गेलेल्यांनी ते म्हटलं, लालबागमधून डोंबिवलीला गेलेल्यांनी म्हटलं. पुण्याच्या पेठेतला वाडा पाडून तिथेच पाचव्या मजल्यावर राहायला आलेले तर जागा न बदलताही तेच म्हणतात. मग आपण सगळे मिळून माना डोलावतो. माणसं बदलली, आपलेपणा उरला नाही, पैसा आला आणि माणुसकी गेली, अशा ठरलेल्या समेवर येतो आणि आपापल्या घराचं दार लावून घेतो.

यंदाचा आमचा दिवाळी अंक शहरातल्या शेजारावर आहे, आणि ही ठरलेली सम आम्हाला मान्य नाही. माणसं चांगली होती म्हणून शेजार होता आणि वाईट झाली म्हणून तो गेला, हे निदान चुकीचं आहे. जुना शेजार विशिष्ट जागांनी, कायद्यांनी आणि अडचणींनी घडवला होता. ते सगळं काढून घेतल्यावर तो आपोआप टिकेल अशी अपेक्षा धरणं भाबडेपणाचं, आणि टिकला नाही म्हणून माणसांना दोष देणं अन्यायाचं आहे.

हा शेजार घडला कसा, ते आधी पाहू. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांत माणसं मेली आणि हजारो गावाकडे पळाली. त्या भीतीतून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने गल्ल्या फोडून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या शेतजमिनीवर आखीव वसाहती वसवल्या आणि कामकऱ्यांसाठी चाळी बांधल्या. त्याच आज बीआयटी चाळी म्हणून ओळखल्या जातात. 1920 मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात सोळा हजारांच्या आसपास झाल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि तेव्हाचा डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, इथे मिळून 207 इमारती उभ्या राहिल्या. त्याच या बीडीडी चाळी. त्यांचा साचा एकच. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर मधोमध बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. एका इमारतीत 80 खोल्या, आणि नळ-संडास मजल्याला मिळून सामाईक.

यांपैकी काहीही कुणी शेजारप्रेमापोटी आखलं नव्हतं. कमी खर्चात जास्तीत जास्त हात गिरण्यांजवळ ठेवायचे, एवढाच हिशेब होता. पण त्या हिशेबाचा एक परिणाम असा झाला, की माणसाला घराबाहेर पडल्याशिवाय दिवसच काढता येईना. पाणी बाहेर, संडास बाहेर, वारा बाहेर. रात्री पुरुषांची झोपायची जागाही बाहेर, गॅलरीत नाहीतर गच्चीवर. खोलीत मावत नव्हतं ते सगळं आयुष्य बोळात सांडत होतं, आणि तिथे ते दुसऱ्याच्या सांडलेल्या आयुष्यात मिसळत होतं.

यावर शिक्कामोर्तब केलं ते भाडे नियंत्रण कायद्याने. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. मालकाला भाडं वाढवता येईना आणि भाडेकरूला एवढ्या स्वस्तात दुसरीकडे जागा मिळेना. त्यामुळे कुणी हललंच नाही. एकाच बोळात आजोबा, मुलगा आणि नातू वाढले. ज्याच्याशी नळावर भांडण झालं तो उद्याही तिथेच असणार, त्याचा मुलगाही तिथेच असणार, हे पक्कं ठाऊक असेल तर माणूस भांडण मिटवायला शिकतो. आपण ज्याला चाळीतला जिव्हाळा म्हणतो, त्याच्या मुळाशी हा सक्तीचा दीर्घ सहवास होता. त्याच कायद्याने इमारतींची दशाही केली. भाडं तुटपुंजं म्हणून मालकाने डागडुजी सोडली आणि लाकडी वासे कुजले. 1969 मध्ये सरकारला दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून उपकर बसवावा लागला. उपकरप्राप्त ठरलेल्या इमारती एकट्या मुंबई शहरात 19 हजारांहून अधिक होत्या. एकाच कायद्याने शेजार जपला आणि इमारत खाल्ली.

या शेजाराने काय दिलं, त्याची यादी मोठी आहे. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची सामाईक खोली असे. गावाहून आलेला पोरगा ट्रंक घेऊन थेट तिथे उतरे. पाळी बदलली की वळकटी बदले. जेवण खानावळवालीकडे. या बायकांनी हजारो कामगारांच्या पोटाला घातलं, पण त्यांचं काम कुठल्या हजेरीपटावर नव्हतं. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना संघटित केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि पगार थांबले. तेव्हा कामगाराला तगवलं ते वाण्याच्या वहीतल्या उधारीने, गावाकडून आलेल्या तांदळाने आणि शेजारणीने वाटीतून दिलेल्या कालवणाने. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतो आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभेची हाक मजल्यामजल्यावरून गेली. व्यायामशाळा, भजनी मंडळं, वाचनालयं, व्याख्यानमाला, कामगार रंगभूमी हे सगळं एकमेकांना रोज दिसणाऱ्या माणसांनी उभं केलं.

आमच्या या व्यवसायानेही त्या शेजाराचं देणं मान्य करायला हवं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही प्रथा सुरू झाली. ती रुजली ती वाचनालयांत आणि चाळींत. एक अंक विकत घेतला जाई आणि निदान पाच घरांत वाचला जाई. कोपरे दुमडून, चिवड्याच्या तेलाचे डाग पडून तो परत येई. प्रकाशकाच्या ताळेबंदात त्या चार वाचकांची नोंद नसे, पण मराठी साहित्याला वाचणारा वर्ग मिळाला तो त्यांच्यामुळे.

आता वहीचं दुसरं पान. हा शेजार सगळ्यांसाठी नव्हता. गिरगावच्या वाड्यांत आणि चाळींत कोण राहणार, हे भाड्याआधी जातीवर ठरे. परळच्या पोयबावडीत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं बिऱ्हाड वीस वर्षांहून अधिक काळ होतं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर राहायला जागा मिळेना. जात लपवून एका पारशी पथिकाश्रमात उतरावं लागलं आणि ती कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. बीडीडी चाळींतही अमुक इमारती दलितांच्या, तमुक इमारती सवर्णांच्या, अशी वाटणी होतीच. जानेवारी 1974 मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीच्या याच चाळींत दंगल उसळली. एका चाळीच्या गच्चीवरून दुसऱ्या चाळीवर दगड गेले आणि सरकारला न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. वाटीतून कालवण जात होतं. पण ती वाटी कोणत्या दारापर्यंत जायची, याची सीमारेषा आखलेली होती.

बायकांना विचारलं तर त्या आणखी काही सांगतील. चाळीत कुणाचं काही लपत नसे याचं कौतुक बहुतेकदा पुरुषांनी लिहिलं. बोळातल्या डोळ्यांचा पहारा मुलींवर होता. कुणाकडे कोण आलं, कोण उशिरा परतलं, कुणाला दिवस गेले, याची नोंद सगळा मजला ठेवी. आणि शेजारच्या खोलीत नवरा बायकोला मारत असल्याचं पातळ भिंतीतून स्वच्छ ऐकू येत असताना, तोच मजला ‘त्यांच्या घरातला मामला’ म्हणून गप्प बसे. चौकशी करणं आणि मदतीला धावणं या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदत होत्या असं नाही. म्हणून त्या शेजाराकडे परत जाण्याची हाक आम्ही देणार नाही. तिथे परत जायचंच नाही. प्रश्न पुढच्याचा आहे.

पुढच्याचा विचार आपल्या शहरांत पूर्वी झालेला आहे. 1915 मध्ये रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. भांडवल एकट्यादुकट्याकडे नव्हतं. मध्यमवर्गीय कारकून-शिक्षकांनी ते एकत्र केलं आणि भाडेकरूच मालक झाले. ती एका ज्ञातीची संस्था होती, ही मर्यादा खरीच. पण परिस्थितीने एकत्र कोंबलेल्या माणसांच्या शेजाराऐवजी ठरवून, नियम करून, वर्गणी काढून एकत्र आलेल्या माणसांचा शेजार होऊ शकतो, ही कल्पना तिथे प्रत्यक्षात आली. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने तिला भक्कम चौकट दिली. 1961 मध्ये पानशेतचं धरण फुटून पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. तेव्हा गोखलेनगर आणि लोकमान्यनगरसारख्या वसाहती वसल्या आणि वेगवेगळ्या वाड्यांतून विस्कटलेल्या माणसांनी नव्याने शेजार मांडला. 1963 मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. आज महाराष्ट्रातला शहरी मध्यमवर्गीय माणूस बहुधा कुठल्यातरी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद असतो. निदान कागदावर तरी आपण सगळे सहकारी आहोत.

कागदाबाहेरचं चित्र पाहायचं तर वार्षिक सर्वसाधारण सभेला जावं. कायद्याप्रमाणे ती 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. वाचकांपैकी पुष्कळांच्या सोसायटीची नुकतीच झाली असेल. आदर्श उपविधींनुसार गणपूर्तीला दोन तृतीयांश किंवा वीस, यांत जी संख्या कमी असेल तेवढे सभासद लागतात. दीडशे सदनिकांच्या संकुलात वीस माणसं वेळेवर जमत नाहीत. म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग गणपूर्तीची अट उरत नाही. समितीचे सात-आठ जण, दोन निवृत्त गृहस्थ, एक गळतीची तक्रार घेऊन आलेली बाई आणि एक जुना वैरी यांच्या साक्षीने लाखो रुपयांचा हिशेब मंजूर होतो. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपच्या गटावर तोच हिशेब नामंजूर होतो. तिथे मात्र सगळे हजर असतात.

गटावरची भांडणंही ठरलेली. पार्किंग, गळती, भटकी कुत्री, वरच्या मजल्यावरून पडणारं कुंडीचं पाणी, अविवाहित भाडेकरू, गणपतीची वर्गणी. आवाजावरून तर बाराही महिने. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 च्या नियमांनी घातलेली आहे. पण ती फक्त दुसऱ्याच्या लग्नाला लागू असते, आपल्या घरच्या वरातीला नाही. चाळीतही यांतली बरीच भांडणं होती. फरक एवढाच, की तिथे भांडणाऱ्या दोघांना संध्याकाळी एकाच जिन्यावरून जावं लागे. संकुलात प्रत्येकाला आपापलं वाहन, आपापली लिफ्ट आणि आपापलं दार आहे. समोरासमोर यायची वेळ टाळता येते, त्यामुळे समेटाचीही टळते.

त्यातून ज्यांच्या हाती काहीच नाही अशा शेजाऱ्यांची संख्या वाढत चालली आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारं जोडपं दोन-तीन वर्षांत तीन घरं बदलतं. त्यांच्या घरमालकाकडून सोसायटी ना-वापर शुल्क घेते. सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेऊ नये अशी मर्यादा सरकारने 2001 मध्ये घातली, म्हणून ते तेवढं तरी आटोक्यात राहिलं. पण त्या जोडप्याला सभेत बसायचा अधिकार नाही. आणि घर मिळण्याआधी दलाल विचारतो तो प्रश्न आजही आडनावाचा, धर्माचा आणि ताटात काय असतं याचा आहे. मराठी माणूस मुंबईत हा प्रश्न आपल्याला विचारला गेला की पेटून उठतो, ते योग्यच. आपल्या सोसायटीत आलेल्या मुसलमान किंवा दलित कुटुंबाला तो विचारला जातो तेव्हाही त्याने पेटायला हवं. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. कायद्याने मोकळीक दिली म्हणून शहाणपणाने ती घेतलीच पाहिजे असं नाही.

आणि ज्यांना आपण शेजारी मानतच नाही, त्यांचं काय? पुण्यात कोथरूडला किंवा ठाण्यात पाचपाखाडीला मुलं अमेरिकेत असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचा खरा शेजारी कोण, हे एकदा शोधावं. रात्री अडीच वाजता रुग्णवाहिकेला वाट दाखवणारा सुरक्षारक्षक. सकाळी दार उघडलं नाही तर पहिली हाक मारणारी, स्वयंपाकाला येणारी बाई. साखर वाढली की तोंडाकडे बघून ओळखणारी मदतनीस मुलगी. या माणसांना संकुलात शिरताना भ्रमणध्वनीवरच्या ॲपची परवानगी लागते, काही ठिकाणी त्यांच्यासाठी लिफ्टही वेगळी असते. 2020 च्या टाळेबंदीत अनेक सोसायट्यांनी पहिलं काम केलं ते याच माणसांना फाटकाबाहेर ठेवण्याचं. त्याच दिवसांत त्याच सोसायट्यांतली तरुण मुलं एकट्या राहणाऱ्यांच्या दाराशी औषधं नि भाजी ठेवत होती, हेही खरं. म्हणजे माणुसकी आटलेली नव्हती. ती फाटकाशी अडत होती.

शहर बाहेर सरकतं आहे ते वेगळंच. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर आली. त्याच काळात तेव्हाच्या अविभाजित ठाणे जिल्ह्याची 81 लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेली. 2011 मध्येच महाराष्ट्रातली 45 टक्के माणसं शहरांत राहत होती. 2027 च्या जनगणनेत हा आकडा वाढलेला दिसेल, यात शंका नाही. बदलापूर, विरार, वाकड, पाथर्डी फाटा, वर्धा रोड अशा ठिकाणी रोज नवी संकुलं उठतात. तिथे राहायला येणाऱ्याचे चार तास प्रवासात जातात आणि उरलेला वेळ पाण्याच्या टँकरची वाट पाहण्यात. तो शेजाऱ्याशी बोलत नाही, याचं कारण तुसडेपणाच असलं पाहिजे असं नाही. रात्री साडेनऊला घरी पोचलेला माणूस दमलेला असतो.

मग करायचं काय? आमचं म्हणणं एका वाक्यात मांडायचं तर, शेजाराला जागा लागते. जुन्या वस्त्यांत ती जागा सहज उपलब्ध होती : ओटा, जिना, पडवी, गॅलरी, नळ, दुकानाची फळी, पाराचा कट्टा. तिथे बसायला कुणाचं निमंत्रण लागत नसे, पैसे पडत नसत आणि ‘का बसलात’ असं कुणी विचारत नसे. नव्या इमारतीत तळमजला मोटारींना गेला. बाग पाचव्या मजल्याच्या पोडियमवर गेली. क्लब हाउसला कुलूप लागलं. किल्लीसाठी अर्ज आणि अनामत रक्कम. जिना फक्त आगीच्या वेळी वापरायचा. मुलं खेळायची त्या फरशीवर ‘खेळण्यास मनाई’ अशी पाटी. याच अंकात गृहप्रकल्पांच्या जाहिराती आहेत. त्यांच्या आधारावरच हा अंक निघतो, हे आम्ही लपवत नाही. वाचकांनी त्या जाहिरातींतली चित्रं नीट पाहावीत. जलतरण तलाव आहे, व्यायामशाळा आहे, झाडं आहेत. दोन घरांतली माणसं उभ्या उभ्या बोलत आहेत, असं चित्र शोधावं लागेल.

हे बदलायची वेळ इमारत उभी राहिल्यानंतरची नाही. आज महाराष्ट्रातल्या शहरांत जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाची लाट आहे. जुलै 2019 च्या शासन निर्णयाने सभासदांची 51 टक्के संमती पुरेशी ठरवली आणि लाटेला जोर आला. या पुनर्विकासाच्या सभांना मात्र गणपूर्तीची अडचण येत नाही. तिथे चटईक्षेत्रावर तासन्‌तास घासाघीस होते, कॉर्पस निधीवर होते, बाहेर राहण्याच्या भाड्यावर होते, दुसऱ्या पार्किंगवर होते. ती व्हायलाच हवी. आयुष्याची कमाई पणाला लागलेली असते. पण त्याच टेबलावर आणखी काही मागण्या ठेवता येतात आणि त्यासाठी विकासकाला फारसा खर्चही येत नाही. तळमजल्यावर मोटारींतून थोडी जागा सोडवून उन्हापावसात बसता येईल असा कट्टा. लिफ्टबाहेर दोन खुर्च्या मावतील एवढी रुंदी. मुलांना चेंडू खेळता येईल असं, पोडियमवर नसलेलं मैदान. सुरक्षारक्षक आणि घरकामाच्या बायकांसाठी संडास आणि बसायची खोली. कुलूप नसलेली एक खोली, जिथे वाचनालय चालेल, पाळणाघर चालेल, कुणाच्या दहाव्याला आलेली माणसंही बसतील. आणि रस्त्याच्या बाजूला दोन-तीन लहान दुकानांचे गाळे, म्हणजे इमारतीचं तोंड रस्त्याकडे राहील.

जागेइतकेच नियमही लागतात. भाडेकरूंना सभेत मत नसलं तरी बोलायला संधी द्यायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. लिफ्ट सगळ्यांना एकच ठेवायला पैसे पडत नाहीत. घर देताना आडनाव विचारायचं नाही, असा ठराव कुठलीही सोसायटी उद्या करू शकते. शेजारचं दार कधी वाजवायचं आणि कधी नाही, हेही ठरवून घेता येतं. मारहाणीचा आवाज आला तर बेल वाजवायची. बाकी कुणाच्या घरी कोण येतं याची चौकशी करायची नाही. चाळीने जे उलटं केलं, ते आपण सुलट करू शकतो. हे करायला संत असण्याची गरज नाही. सोसायटीचं इतिवृत्त लिहिता येणारा एक सचिव आणि तास-दोन तास बसायची तयारी असलेले वीस सभासद पुरतात.

या अंकातला मजकूर या धाग्यावर ओवला आहे. चाळ, वाडा, कॉलनी, टाउनशिप आणि झोपडपट्टी अशा सगळ्या वस्त्यांत राहिलेल्या लेखकांनी आपापल्या शेजाराबद्दल लिहिलं आहे. गोडवे गाणारे लेख आम्ही मुद्दाम कमी ठेवले. कथा-कवितांवर विषयाची सक्ती केली नाही. तरी शेजार त्यांतही आपल्या पायांनी आला आहे. लेखक, चित्रकार, मुद्रितशोधक, छपाईखान्यातले सहकारी, जाहिरातदार, वितरक आणि अंकाची पिशवी घेऊन घरोघर फिरणारी वाचनालयांची माणसं, या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत.

यंदाही सोसायटीच्या आवारात मुलं मातीचा किल्ला करायला निघतील. हल्ली प्लास्टरचा तयार किल्ला बाजारात मिळतो आणि मातीने फरशी खराब होते, म्हणून समिती कपाळाला आठ्या घालील. परवानगी द्या. फराळाचं ताट समोरच्या दारी जाऊ द्या, आणि फाटकावरच्या चौकीतही. हा अंक वाचून झाला की शेजारी द्या. आमच्या खपावर परिणाम झाला तरी चालेल. आणि सोसायटीची पुढची सभा लागेल तेव्हा वेळेवर जा, आणि नव्या नकाशात माणसांनी बसायचं कुठे, एवढा एक प्रश्न विचारून तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.

सर्व वाचकांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

— संपादक